बसायचं तर बिडी दाखव

अन्याय माझ्या धाकट्या मामावर झाला. दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी साडेनऊला, भातकुलीजवळच्या त्याच्या स्वतःच्या शेतात, झेंडूच्या तोडणीत. बिडी सोडून त्याला नववा दिवस होता. अन्याय करणारे चौघं: त्याचा सख्खा मोठा भाऊ, शेजारच्या शेतातले दोघं, आणि अकोल्याहून पत्रकं घेऊन गेलेली मी.

बिडी त्यानं माझ्या सांगण्यावरून सोडली नव्हती. अकोल्यातल्या आमच्या व्यसनमुक्ती गटात मी तसं सांगत फिरत होते, तो माझा खोटेपणा. खरं असं की श्रावणापासून फुलांचं कॅरेट धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, आणताना त्याला दोनदा थांबावं लागत होतं. अमरावतीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हटलं, पुढच्या साली तोडणी करायची असेल तर आजपासून बंद. मामानं दवाखान्याच्या पायऱ्या उतरून खिशातलं बंडल नालीत टाकलं. भाषण नाही, शपथ नाही.

मग आमच्या घरच्या ग्रुपवर शाबासकीचा पूर आला. फुगवलेले दंड, टाळ्या, फुलांचे गुच्छ. पुण्याच्या मावसभावानं लिहिलं, 'प्राउड ऑफ यू मामा!' मामा त्या ग्रुपवर नाहीच. त्याचा फोन बटणांचा आहे.

मी तर पत्रकच लिहिलेलं. 'तलफ आली की जागेवरून उठा, कामात मन गुंतवा.' हे वाक्य मी पंख्याखाली, खुर्चीत बसून, चहा पीत लिहिलं होतं. मामाच्या मोटरच्या खोलीच्या दाराला ते मीच चिकटवलं. आणि ज्याला वाचायला सांगितलं तो पहाटे पाचपासून सरीत वाकलेला होता.

आमच्याकडे तोडणीत सुटी नसते, बिडी असते. 'दमलो' असं कोणी म्हणत नाही; तसं म्हणणारा कामचोर. 'चाला, बिडी पिऊ' म्हटलं की चांगले धडधाकट पुरुष निंबाखाली दहा मिनिटं टेकतात आणि त्यांची मर्दानगी शाबूत राहते. बाया बिडी पीत नाहीत, म्हणून बाया तोडत राहतात. हे मी लहानपणापासून पाहत आलेय. व्यसनावर चार पत्रकं लिहिली, त्यात याची एक ओळ नाही.

त्या मंगळवारी मोठ्या मामानं हाक दिली, "चाला बे, बिडी पिऊ." शेजारचे दोघं गेले. धाकटा मामाही सवयीनं जाऊन बसला.

"तू कायले आला?" मोठा मामा म्हणाला.

"टेकतो जरासा."

"तुयी तं सुटली ना? मंग बसून करतं काय, अंडे देतं?"

"डॉक्टरनं नवा करून देल्ला त्याले," शेजारचा एक म्हणाला. "नव्या बैलानं दोन तासं जास्त वढाले पाह्यजे."

दुसऱ्यानं बंडल पुढं केलं. "बसाचं तं हे घे. नाई तं तिकडची सरी तशीच पडली हाये."

आणि मी काय म्हणाले? "मामा, बरोबर आहे, कामाला लागा. तलफ निघून जाईल."

तो उठला. अजून तासभर वाकून तोडत राहिला. दुसऱ्या हाकेला आला, तेव्हा हात पुढं केला. बिडी घेतली, पेटवली, बसला. आता त्याला कोणी काही म्हणालं नाही. मालकीचं शेत, आणि बसायला हा पास लागतो!

मी मात्र सुरू झाले. "मामा, नऊ दिवस वाया घालवले! मनाची थोडी ताकद..."

"बाई," तो धूर दुसरीकडे वळवत म्हणाला, "मले बिडी नोती पाह्यजे. मले बसाचं होतं."

सरीतून मामी हे ऐकत होती. मोठा मामा तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्याशी ती समोरासमोर बोलत नाही. ती माझ्याकडे पाहून, त्याला ऐकू जाईल असं बोलली.

"बाई, तुमच्या मोठ्या मामाले इचारा, बिडी न पेता बसलं तं जमीन चावते का?"

"बाई," मोठा मामाही माझ्याकडेच पाहून म्हणाला, "तुह्या मामीले सांग, दसरा परवा हाये. मार्केट कोणाची वाट पाह्यत नाई."

"सांगा त्याईले, एकवीस वर्सं झाली या घरात येऊन. बिडी पेली नाई म्हणून एकवीस वर्सं उभीच हाये. आता बसतो मी."

आणि तिनं ओटीतली फुलं कॅरेटमध्ये रिकामी केली व सरळ निंबाखाली जाऊन बसली. मागोमाग तोडणीला आलेल्या दोघी बाया. मामीनं नवऱ्याकडं पाहिलं. "इझवा ते. या इकडं."

मामानं अर्धी बिडी ढेकळावर रगडली आणि तिच्याजवळ सरकला. मोठा मामा माझ्याकडं बघत राहिला, की उठून कामाला लागायचा निरोप मी मामीला पोचवावा. मी पोचवला नाही. त्या दिवसात माझ्या हातून झालेलं हे एकच काम बरं.

दुसऱ्या दिवसापासून मामानं पुन्हा पहिला दिवस मोजला. मधे एका सोयऱ्याच्या घरी घसरला, पुन्हा उठला. रोज साडेनऊला ते सगळे बसतात, हात रिकामे. मोठा मामा त्यांना 'बसकी टोळी' म्हणतो, म्हणू दे. मामाला कॅरेट आणताना अजून थांबावं लागतं, पण एकदाच. पुढच्या साली तो सरीत असेल की नाही, हे माझ्या वाक्यांवर ठरणार नाही, या दहा मिनिटांवर ठरेल.

म्हणून तुमच्याकडे मागते. तुमच्या शेतात, दुकानात, हापिसात कोणीतरी नुकतीच सोडली आहे. त्याला अंगठे पाठवू नका. बाकीचे ओढायला निघतील तेव्हा हातातलं काम खाली ठेवा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. बायांनाही बसवा. काहून बसले असं कोणी विचारलं तर सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगा: दमलो. उद्याच सांगा.