तीन दिवसांचं सुतक, दहा दिवसांचा रूल

काट्यांच्या कुंपणापलीकडे भागा उभी होती. अलीकडे तिच्या जावेच्या, तुळसाबाईच्या, कडेवर भागाचं सात महिन्यांचं पोर आईकडे झेप घेत होतं. मधल्या फटीत खाकी कोट घालून, हात आडवा करून मी उभा होतो.

"दादा, एकडाव पाजू द्या," भागा म्हणाली.

"दहा दिवस," मी म्हणालो.

"तोवर त्यानं काय खावानं?"

कोंडीत सापडलो की माझा आवाज चढायचा, ही खोड जुनीच. मी ओरडून तिला बाहेरच्या झोपडीत जायला सांगितलं. ती गेली. पोराचा आवाज मात्र बराच वेळ माझ्या मागे येत राहिला.

तेव्हा मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. नाव मोठं, काम साधं. विहिरीत लाल औषध टाकायचं, उकिरडे हलवायचे, आणि प्लेग आला की लोकांना घराबाहेर काढायचं. पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट आहे. नंदुरबारहून मला कोरीटच्या वाटेवरच्या एका लहानशा गावी ड्यूटी लागली होती. तिथं उंदीर पडायला लागले होते. म्हणजे घराघरांत आढ्यावरून, कणगीमागून मेलेले उंदीर सापडत होते. उंदीर पडले की पाठोपाठ माणसं पडतात, हे तोवर खेड्यातल्या पोरालाही ठाऊक झालं होतं. जांघेत किंवा काखेत गाठ यायची, ताप चढायचा आणि माणूस जायचा.

त्यावर उपाय एकच होता, गाव सोडायचं. तसं सगळं गाव उठून शेतात आलं. तुरीच्या काड्या, कापसाच्या पळाट्या, बांबू, जे हाती लागलं त्याच्या झोपड्या झाल्या. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि एकच फट ठेवली. सरकारी भाषेत हा कॅम्प. लोक मात्र नुसतं 'बाहेर' म्हणायचे.

ते दिवस आठवले की ते मी जगलो की झोपेत पाहिले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. हिवाळा होता. सकाळी तापीकडून धुकं यायचं आणि झोपड्या त्यात बुडून जायच्या. नुसते आवाज ऐकू यायचे, बांगड्यांचे, खोकल्याचे, शेळ्यांचे. मग ऊन चढायचं आणि समोर गाव दिसायला लागायचं. तीच घरं, तीच झाडं, पण एकाही घरातून धूर नाही. दुपारी बायका गावाकडे तोंड करून बसायच्या. कुणी म्हणायची, "मन्हा चुल्हावर तवा तसाच ऱ्हाई गया." दुसरी म्हणायची, "मन्ही तुळस वाळी गई व्हई." जायला दहा मिनिटं लागली नसती, पण जायचं नव्हतं. कुत्री तेवढी तिथंच राहिली होती आणि आमच्याकडे बघून भुंकायची, जणू परके आम्हीच होतो.

घाईत निघताना जाती तीनच आणली होती. त्यामुळे पहाटेचं दळण दिवसभर चालायचं. एक उठली की दुसरी बसायची आणि ओव्याही दिवसभर चालायच्या. भर दुपारी पहाटेची गाणी ऐकताना मला डुलकी लागायची. पुरुषांना बसायला पार नव्हता, म्हणून जो तो आपल्या झोपडीपुढे बसून तिथूनच मोठ्यानं गप्पा मारायचा. घरातली गुपितं अशी साऱ्या शेताला कळली. न्हावी कुंपणाबाहेर बसायचा आणि माझ्या देखत वस्तरा उकळत्या पाण्यात बुडवायचा. नंदुरबारचे हुसेनचाचा मणियार आले, की बांगड्या काठीत ओवून काठी फटीतल्या दगडावर ठेवायचे आणि लांब उभे राहायचे. "नाप खुद ले लो बहन, मेरा हाथ नहीं लगेगा," असं ओरडायचे. मणियाराचा हात नाही म्हटल्यावर निम्म्या बांगड्या चढवतानाच फुटायच्या. तरी बायका हसायच्या.

या सगळ्यात अवघड होता सेग्रीगेशनचा रूल. बाहेरगावाहून, त्यातही प्लेगच्या गावाहून जो येईल, त्याला दहा दिवस कॅम्पाबाहेर वेगळं ठेवायचं. अशा माणसाला आम्ही कॉन्टॅक्ट म्हणायचो. माणूस धडधाकट दिसतोय, तरी त्याला पाहुण्यासारखं आत घ्यायचं नाही, हे लोकांच्या गळी उतरेना. मी दोन दिवस घसा फोडला. सरकारचा हुकूम सांगितला. उंदरावरच्या पिसवा माणसाच्या कपड्यात बसून येतात, तेही सांगितलं. पाटलांची म्हातारी आई होती, तिला सारे मोठी माय म्हणत. ती म्हणाली, "पिसू तं कुत्रालेबी ऱ्हास. तो कोठे मरस?"

मग माझ्या डोक्यात कल्पना आली. मी म्हणालो, "असं समजा, की बाहेरून आलेल्याला सुतक आहे. दहा दिवस शिवायचं नाही, भांडं वेगळं, अंथरूण वेगळं. सुतक पाळता ना तुम्ही?"

लगेच साऱ्यांच्या माना हलल्या. सुतक कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून रूल असा पाळला गेला, की मला काही बघावंच लागेना. मी स्वतःवर जाम खूश होतो. पुण्यामुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना जे सुचलं नाही ते मला सुचलं, असं मी मनात धरून चाललो होतो.

अशात भागाच्या माहेराहून निरोप आला. आई आजारी, गाठ आलेली. माहेर तापीपलीकडे. नवरा नंदुरबारला जीनवर, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, अडकलेला. भागानं पोर जावेजवळ दिलं आणि एकटीच नदी उतरून गेली. त्याच दिवशी आई गेली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तेव्हा मी फटीत उभा होतो. सुरुवातीला सांगितलं ते त्या वेळचं.

पोराला शेळीचं दूध द्यायचं ठरलं. कॅम्पात अंगावर पाजणारी दुसरी एकच बाई होती आणि तिचं स्वतःच्या बाळालाच पुरत नव्हतं. तुळसाबाईनं चोचीच्या बोंडल्यानं दूध घातलं, ते त्यानं थुंकलं. पुन्हा घातलं, पुन्हा थुंकलं. थोडं पोटात गेलं त्यानं जुलाब झाले. दुसऱ्या सकाळी मी झोपडीत डोकावलो, तर पोर रडत नव्हतं. डोळे अर्धे मिटलेले आणि टाळू खाली गेलेली. न रडणारं पोर बघून मला जेवढी भीती वाटली, तेवढी प्लेगची कधी वाटली नव्हती.

मी बाहेर आलो तो समोर बायका निघालेल्या. पुढे मोठी माय. कुणाच्या हातात ऊन पाण्याची घागर, कुणाच्या हातात धुतलेलं लुगडं. सगळ्या फटीकडे चाललेल्या.

"कुठं?" मी विचारलं.

"भागाले न्हावाले. आत लई येतस तिले."

"अहो, दहा दिवस सांगितले ना मी!"

मोठी माय थांबली. लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "साहेब, दहा दिन सुतक घरवालासनं. लगीन करी देयेल लेकले मायबापनं तीनच दिन ऱ्हास. आज तिसरा दिन शे. न्हायनी का सुतक फिटनं. तुम्हीच सांगं ना, सुतक पाळा म्हनीसन?"

माझाच मंत्र माझ्यावर उलटला होता. शास्त्र तिच्या बाजूचं होतं, तेही माझ्याच कृपेनं. आणखी खरं सांगायचं तर तिला अडवायची माझी इच्छाच उरली नव्हती. डोळ्यांपुढे ते पोर होतं. मनात म्हटलं, आंघोळ होते आहे, कपडे बदलताहेत, पिसवा असल्या तर त्यात जातील. नाही गेल्या तर? हा विचारही मनात आला. कुंपणाच्या आत दीड-दोनशे माणसं होती. तरी मी बाजूला झालो.

बायकांनी लांबून आडोसा धरला आणि भागा आपल्या हातानं न्हाली. जुनं लुगडं काठीनं लांब नेऊन जाळलं. नवं लुगडं नेसून ती फटीपर्यंत आली. तुळसाबाई पोराला घेऊन उभीच होती. पोरानं मान उचलली नाही.

भागा फटीत थांबली. काटे तिच्या पदराला लागत होते. तिनं पोराकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे, आणि तिथंच मटकन खाली बसली.

"मी आत नही येस."

"काब्र व?" मोठी माय चिडली. "सुतक फिटी गे ना तुन्हं!"

"सुतक फिटनं, माय. पन गाठ काय सुतक मोजीसन येस का?" भागा म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. "मन्ही माय मन्हा मांडीवर गई. मी तिले पोटशी धरीसन रडनू. ते माले लागेल व्हई तं? तठे माले कोन्ही अडावं नही. आठे तरी अडावा."

मलाच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग तीच म्हणाली, "वाटी आना. उकळता पानीम्हा बुडाईसन आना. मन्हं दूध मी काढी देस."

तिथून पुढचे दिवस तसे गेले. तुळसाबाईनं उकळत्या पाण्यातून काढलेली पितळी वाटी दगडावर ठेवायची आणि मागे सरायचं. भागानं साबणानं हात धुऊन, पाठमोरी बसून दूध काढायचं, वाटी दगडावर ठेवायची आणि मागे सरायचं. मग तुळसाबाईनं वाटीला बाहेरून पुन्हा ऊन पाणी लावून ती उचलायची. पहिल्यांदा वाटीत जेमतेम तळ झाकेल इतकं दूध होतं. पोरानं बोंडलं बघून तोंड फिरवलं. आम्ही सगळे झोपडीच्या दारात श्वास धरून उभे. तुळसाबाईला काय वाटलं कोण जाणे, तिनं आढ्यावरची भागाची जुनी चोळी ओढली, तिच्यात पोराचं डोकं गुंडाळलं आणि मग बोंडलं लावलं. पोरानं एक घोट घेतला. थांबलं. मग दुसरा घेतला. मोठी माय कुणालाही न सांगता जात्यावर जाऊन बसली आणि ओवी म्हणायला लागली.

कॅम्पाचं घड्याळच बदललं. आता वेळ वाटीवर चालायची. "वाटी उनी का?" म्हणून पुरुषसुद्धा विचारायचे. वाटी यायची वेळ झाली की जातं थांबायचं, गप्पा थांबायच्या. धुक्यात ती पितळी वाटी दगडावर एकटीच चमकताना दिसायची, आसपास कुणी नाही. मी रोज भागाला लांबूनच विचारायचो, "ताप? गाठ?" ती मान हलवायची. हलवली की माझी सकाळ सुरू व्हायची.

मध्ये हेल्थ ऑफिसर साहेब इन्स्पेक्शनला आले. घोड्यावरून उतरले नाहीत.

"बाहेर ती कोण?"

"कॉन्टॅक्ट, सर. आई प्लेगनं गेली."

"आणि आत यायची गडबड नाही? दुसऱ्या कॅम्पात लोक कुंपण मोडून आत येतात. तुम्ही काय केलंत?"

"सुतक सांगितलं, सर."

साहेब खो खो हसले. "एक्सलंट! असं डोकं लढवलं पाहिजे. रिपोर्टात घाला."

मी "यस सर" म्हणालो. सुतक केव्हाच फिटलंय, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. घोडा वळला आणि धुळीत दिसेनासा झाला.

मुदत भरली. भागाला ताप आला नाही, गाठ आली नाही. त्या सकाळी सगळा कॅम्प फटीपाशी जमला होता. तिनं पुन्हा एकदा अंघोळ केली, लुगडं बदललं आणि आत पाऊल टाकलं. तुळसाबाईनं पोर पुढे केलं. तोवर ते चांगलं तरतरीत झालं होतं.

भागानं हात पसरले. पोरानं तिच्याकडे टक लावून बघितलं, ओठ काढले आणि किंचाळून तुळसाबाईच्या गळ्याला मिठी मारली. भागा घ्यायला जाते, ते आणखी चिकटतं. तुळसाबाई तर रडकुंडीला आली, जणू तिनं काही चोरलं होतं. "नही व माय, मी काही करं नही," असं पुटपुटत ती पोराचे हात आपल्या गळ्यातून सोडवायला लागली.

भागानं तिचा हात धरला. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"रडू दे त्याले," ती म्हणाली. "रडाले वाचना ना तो!"

कॉन्टॅक्टला किती दिवस बाहेर ठेवायचं, ते आमच्या रूलमध्ये लिहिलेलं होतं. आत घेतल्यावर पोर आईकडे जायला किती दिवस घेतं, ते नव्हतं. त्यानं चार घेतले. रिपोर्टात मी ते धरले नाहीत.