गोविंदाचा चोरसूर

संग्रामपूरच्या गोविंदाचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नात कीबोर्डवर सनई वाजवण्यात गेलं. पोरीचं, सुचिताचं लग्न ठरलं तेव्हा बायको पुष्पाबाई म्हणाली, "नवरीचा बाप पाहुण्यायले पाहीन, का बटनं दाबत बसन?"

"पाहुणे आपल्या पायानं येतीन, आपल्या पायानं जातीन. सनई मीच वाजवीन."

कीबोर्ड स्वस्तातला, त्याला एक खोड. बाजूचं चाक फिरवून सनई पार टोकाला चढवली, की भोंग्यातून भलताच सूर निघायचा आणि उलटा खाली घसरायचा. नांदुऱ्याच्या मेकॅनिकनं उलगडून सांगितलं होतं, "हे यंत्र आवाजाचे तुकडे मोजते भाऊ. लईच बारीक सूर आला का मोजणी चुकते, अन् वर चाललेला त्याले खाली चाललेला वाटते. मोबाइलच्या व्हिडिओत ट्रॅक्टरचं चाक उलटं फिरते का नाही, तसं." गोविंदा त्याला चोरसूर म्हणायचा.

लग्नात अंतरपाट धरला गेला आणि गोविंदाला हुरूप आला. सनई त्यानं चढवली ती थेट टोकाला. भोंगा घसरत बोलला, "ऊंऽऽहूंऽऽ..."

नवरदेवाची आजी सुभद्राबाई ताडकन उठली. "थांबवा! आमचे हे नाही म्हनून राह्यले."

'हे' म्हणजे मागच्या पोळ्याला वारलेले वामनराव. जन्मभर कशालाही त्यांचं एकच उत्तर असायचं: ऊंहूं. नवरदेवाच्या बापानं मुठीतल्या अक्षता खिशात घातल्या. मायच्या शब्दाबाहेर तो नव्हता.

गोविंदा धावत आला. "माय, मशीनची खोड हाये ते!"

"मशीनले काय माहीत, आमचे हे कसे नाही म्हनत?"

अंतरपाटाआडून सुचिताचा रडवेला आवाज आला, "बाबा, तुमच्या मशीनीनं माहं लगन मोडलं."

गोविंदा परत कीबोर्डपाशी बसला. सनई चढली की चोरसूर उतरतो. मग सनई उतरवली तर? टोकावरून त्यानं चाक हळूहळू सोडलं. सनई खाली आली, आणि भोंगा चढत चढत बोलला, "हाऽऽऽव!"

होकार मिळाला म्हणून मांडवात टाळ्या पडल्या. सुभद्राबाई मात्र कपाळाला आठ्या घालून भोंग्याकडे पाहत राहिली.

"हाव? हे हाव म्हनले?" तिनं पदर खोचला. "अरे, मले पाहाले आले तवाबी ह्यायनं हाव म्हनलं नोतं, सासऱ्यानं म्हनलं. हे आमचे नोहेत! दुसराच कोनी मेला भोंग्यात बसून हाये. टाका अक्षता!"

भटजींनी एका दमात सावधान उरकलं. अक्षता पडल्या, ताशा कडाडला. गोविंदा मात्र दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. भोंग्यातल्याचं मन पुन्हा फिरलं असतं तर?