दिवाबत्ती सोसायटीचे चेअरमनमामा

आज परमुलखात दोन वेळचं पोटभर खातो, ते तीर्थपुरीच्या चेअरमनमामांमुळं. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगताना माझा धीर सुटतो.

गावातल्या लोकांनी शेअर घेऊन दिवाबत्तीची सोसायटी काढली होती. एक तेलाचं इंजिन, त्यावर डायनामो आणि पेठेपासून वेशीपर्यंत दिवे. मामा तिचे चेअरमन. सभेचा सांगावा ते दुसऱ्याच्या हाती देत नसत. स्वतः घरोघर फिरायचे. मेंढरांमागं माळावर गेलेला धनगर मेंबर आल्याशिवाय सभा सुरू होत नसे. आडतवाले वैतागायचे, "मामा, त्याला काय समजतंय? चला जल्दी!"

मामा म्हणायचे, "समजलं न्हाई तर तो इचारतो तरी. तुम्ही तेबी करत न्हाई."

सातवी अर्धवट सोडलेल्या मला त्यांनीच इंजिनावर ठेवलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीवर नजर ठेवायची, हे माझं मुख्य काम. एका लग्नाच्या संध्याकाळी मी पंगतीत जाऊन बसलो. वाढपी आग्रह करत राहिले, मी जेवत राहिलो. टाकी आटली, इंजिन जाम झालं, गाव अंधारात गेलं.

मेंबर खवळले. चेअरमनलाच काढा म्हणत सभा ठरली. मी मामांना म्हणालो, "मी कबूल करतो."

"माय अन् दोन बहिणी कोण पोसंल मंग? बिलकुल गप बसायचं."

त्या सभेसाठीही मामा घरोघर फिरले. जे त्यांना काढणार होते, त्यांनाही बोलावून आले. मग पारावर उभे राहून म्हणाले, "पोराला जेवायला मीच धाडलं. टाकीवर मी थांबणार व्हतो. इसरलो."

सगळं खोटं. मी मागं बसून ऐकत होतो. त्यांना काढायला हात वर होऊ लागले. धनगर तेवढा विचारत राहिला, "मामा, खरंच तुम्ही इसरले?"

"हात वर कर गड्या," मामा म्हणाले, "सभा खोळंबली."

त्यानं केला. मीही केला.

नव्या चेअरमननं इंजिनावर आपला माणूस आणला. मामांनी ओळखीच्या एकाला चिठ्ठी लिहून मला इकडं गिरणीत चिकटवलं. आता मामा पेठेत आले की लोक दिव्याचा विषय काढून हसतात, असं बहीण पत्रात लिहिते. गेल्या साली रजा मिळाली होती, तरी गेलो नाही.

मामा, मी येईन. त्या पारावर सगळ्यांसमोर खरं सांगून तुमचं नाव तुम्हाला परत देईन.