हळदीकुंकवात घेतलेलं नाव

“हिला नाव घ्यायला सांगू नका गं. नवरा कुठाय हिला?”

साहेबांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, भर हळदीकुंकवात म्हटलं. आखातातल्या उम्म अल हस्सम भागातला त्यांचा फ्लॅट. खोलीभर बायका. हशा. मी तिळगुळाचं ताट घेऊन उभी. खुर्च्या, वाण, चहा, सगळी व्यवस्था माझ्याकडे. मीना सलमान बंदरावरच्या गोदामात मी साहेबांच्या हाताखाली माल उतरवून घ्यायची. म्हणून त्यांच्या घरचं कामही माझंच.

“पुण्याला माझा भाऊ आहे, बिजवर,” वहिनी म्हणाल्या. “या वयात याहून बरं काय मिळणार? नाहीतर फिलोमिनाचंच नाव घे, बाई.”

परत हशा.

फिलोमिना वसईची, नर्स. पाहुणी म्हणून आली होती. आल्या आल्या वहिनींनी तिच्या हातात फडकं दिलं. स्वयंपाकघराच्या दारात ती कपबश्या पुसत होती. आम्ही कित्येक वर्षं एकत्र राहत होतो. एक घर, एक पलंग. लोकांसाठी रूममेट. आईने स्थळ काढलं की माझं कारण तयार. व्हिसा. शिफ्ट. पुढच्या वर्षी नक्की.

फिलोने मान खाली घातली. ती मान मला बघवेना. मी ताट खाली ठेवलं.

“मीना सलमान बंदरात जहाजांची दाटी,
फिलोमिनाचं नाव घेते आमच्या दोघींच्या घरासाठी.”

कुणी हसलं नाही. वहिनींनी कुंकवाच्या करंड्याला झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार मुद्दाम उघडं.

“तुझा फ्लॅट कंपनीचा आहे. ती बाई तिथे राहणार नाही. आणि मिसेसची माफी माग. गंमत केली म्हण. विषय खलास.”

किती सोपं. आजवर मी तेच करत आले होते.

“गंमत नव्हती, सर. चावी शुक्रवारी देते.”

घरी येऊन सांगितलं. वाटलं, फिलो रडेल. ती म्हणाली, “बोललीस ना? मग यल्ला, चल, घर शोध. उखाणा काही जमला नव्हता हां.”

जिदहफ्सला दोन खोल्या मिळाल्या. साहेबांनी पुढे व्हिसा वाढवला नाही. मी दुसरीकडे नोकरीला लागले. सुट्टीत आईला समोर बसवून सांगितलं, “स्थळं बघू नकोस. माझं घर झालंय. फिलोबरोबर.” आई अजून माझ्याशी बोलत नाही. मी दर सुट्टीत जाते. फिलोला घेऊन जाते.

कुणाचंही बोलावणं आलं की आधी विचारते, दोघींना का? एकटीला असेल तर जात नाही. आणि का येत नाही, तेही तिथल्या तिथे सांगते.