भाकरीआधीचे आभार

नांदगाव पेठेच्या रस्त्यावर, कारखान्यांच्या अलीकडे, निंबाच्या झाडांत एक जुनी बैठी इमारत आहे. दारू सोडायला आलेल्या माणसांचं ते ख्रिस्ती आश्रयघर. दर्यापूरकडे काळीपिवळी जीप चालवणारा मी तिथं कसा पोहोचलो, ते मला नीटसं आठवत नाही. आठवतं ते दुपारचं ऊन. खिडकीतून यायचं, फरशीवर पसरायचं, आणि पलीकडच्या खोलीत कोणीतरी पेटीवर गीत वाजवत असायचं. मी पडल्या पडल्या ऐकायचो. जागा आहे की झोपेत, कळायचं नाही, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती.

घर चालवणारे पाळक म्हातारे, आमच्याच वऱ्हाडातले. त्यांचा एक नियम होता. जेवायला बसलं की प्रत्येकानं एका तरी गोष्टीचे आभार मानायचे, मगच घास. एखादा अडला की सगळे थांबणार, वरण निवलं तरी बेहत्तर. माझं तर डोकंच फिरायचं. भुकेल्या माणसाचा हा काय छळ? पहिल्या खेपेला मी मुद्दाम म्हटलं, "पंख्याचे आभार." वाटलं, म्हातारा चिडेल. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. "आमेन. गरमी लय हाय खरी." मग माझं मलाच हसू आलं.

हळूहळू जीभ वळली. पाण्याचे आभार, धुतलेल्या चादरीचे, सकाळी न थरथरणाऱ्या हातांचे. बोलताना डोळे भरून यायचे आणि मी खोकल्याचं सोंग करायचो.

बायको अकोल्याला माहेरी निघून गेली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. ती रोज रांधायची, मी पिऊन यायचो आणि ताटाला हात न लावता आडवा व्हायचो. सकाळी ते ताट गायीपुढे. तिनं पाळकांना फोनवर सांगितलं होतं, एकदा येऊन पाहीन, मग ठरवीन संसार करायचा की नाही. ते ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारची उपासना संपली आणि ती आली. निंबाखालच्या बाकावर बसून तिनं डबा सोडला. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. भरताला चुलीच्या धुराचा वास होता. पिवळी पानं अलगद पडत होती, आत पेटी अजून वाजत होती, आणि मधली वर्षं कोणीतरी गुपचूप उचलून नेलीत असं वाटलं. मी सवयीनं डोळे मिटले, हात जोडले. "तू आली, सैपाक करून आनला, तुहे आभार मानतो."

डोळे उघडले तर तिचा चेहरा उतरलेला.

"आभार पाव्हण्याचे मानतात," ती म्हणाली. "मी परकी झाली का तुमाले? नको असन तं सरळ सांगा ना."

खरंच होतं तिचं. आमच्याकडे सभेत अध्यक्षांचे आभार मानतात, घरच्या माणसाचे कोण मानतं? मी मनापासून बोललो आणि तिला तो निरोप वाटला. ती डब्याला झाकण लावू लागली. पाळक ओसरीत उभे होते, सगळं ऐकून न ऐकल्यासारखे. मला त्यांचा असा राग आला. शिकवलं यांनी, निस्तरायचं मी.

झाकण बसायच्या आत मी भाकर उचलली आणि खायला लागलो. आभार-बिभार काही नाही. भरीत तिखटजाळ होतं. डोळ्यांतून पाणी आलं, आणि या खेपेला मी खोकल्याचं सोंग केलं नाही. भाकर संपली तसा हात पुढे केला.

"अजून दे."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. किती वर्षांत मी तिच्याजवळ दुसरी भाकर मागितली नव्हती. तिनं वाढली. मी खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला. करता करता डबा पुसून झाला, तरी माझा हात पुढेच.

"अजून दे."

तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मग रिकामा डबा लावून ती उठली.

"इथलं सरलं," ती म्हणाली. "बाकीचं आता घरी. चाला."