दुसरा साक्षीदार

सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलापाशी मी भाडेकरार घेऊन उभा होतो. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीच्या एक बाई मांडीवरची पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. मागे त्यांचा मुलगा तोंड पाडून उभा.

"भाऊ, एक सही कराल का?" बाईंनी मला विचारलं. "शेजारीण आली आहे, पण दुसरा साक्षीदार आलाच नाही."

घरादाराचं मृत्युपत्र असेल म्हणून मी जरा कचरलो. बाईंना ते दिसलं.

"इस्टेटीचं नाही. मी बरी होण्यासारखी नसली, तर मले मशीनवर नका ठेवू, दुखणं तेवढं कमी करा, एवढंच लिहिलं आहे."

"हिले काय घाई आहे, काय माहीत," मुलगा पुटपुटला.

बाईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "याच्या बाबाच्या वेळी डॉक्टरनं मले विचारलं, मशीन काढू का. ह्यांनी स्वतः कधी काही सांगून ठेवलं नव्हतं. मी हो म्हटलं. तो हो अजून माह्या घशात अडकून आहे. याच्या घशात नको."

मुलगा दुसरीकडे बघू लागला. मी सही केली.

शिक्का पडला तशा बाई मोकळ्या झाल्या. समोरच्या ठेल्यावर त्यांनीच सगळ्यांना पोहे सांगितले आणि स्वतःसाठी वरून तर्रीचा रस्सा जास्तीचा मागितला.

"आई, तिखट झेपंल का तुले?"

"मी काय आत्ताच मरून राहिली का गा?"

मुलगा हसला. ठेलेवाल्याच्या हातची पळी घेऊन त्यानंच तिच्या पोह्यांवर तर्री ओतली.