तिखट बर्फाची कमान

रविवार, सकाळ. स्थळ: नंदुरबार, काकांचा बर्फाचा कारखाना. हजर: मी, काकू, भंगारवाला. गैरहजर: काका, ते गेल्या महिन्यात वारले. काम: कारखाना रिकामा करणे.

बर्फाने बांधकाम करता येतं असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही आमच्याच घरात निघाला. मिठाच्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे डबे सोडायचे, लाद्या गोठवायच्या, हातगाडीवर चढवायच्या, असा सरळ धंदा. काकांचं मन त्यात कधी रमलंच नाही. "लगनमा सरबत, मयतमा मढं," ते कुरकुरायचे. "मन्हा बरफले तिसरं काम कोनी देत नही. दुपारलोंग त्यानं पानी व्हई जास." आपल्या हातचं काहीतरी टिकावं, एवढा एकच हट्ट. त्यासाठी बर्फ निवडला!

मग लादीत काय काय गोठवलं त्यांनी. आधी भाताचा पेंढा, मग पोत्याची सुतळी, शेवटी लाकडाचा भुसा. भुसा वर तरंगू नये म्हणून पाणी घट्ट होईपर्यंत काठीने डबा ढवळत बसायचे. बाहेर गिऱ्हाईक हाका मारून निघून जायचं. काकू कपाळाला हात लावायच्या, "घरनं छप्पर गयस, आनि हाऊ मानूस बरफनी भिंत बांधी ऱ्हायना!"

एकदा त्यांनी माझ्या हातात हातोडा दिला. "मार. जीव खाईसन मार." मारला. मनगट झिणझिणलं, भुशाच्या लादीवर नुसता ओरखडा उठला.

"देखं?"

"बघितलं. आता यातच राहायला जा."

माझ्या मुलीचा साखरपुडा माघात ठरला आणि काकांनी दारात बर्फाची कमान उभारायचं जाहीर केलं. मी साफ नाही म्हटलं. काकू मध्ये पडल्या. "एकडाव करू दे, माय. मंग तो गप ऱ्हाई."

ऐन वेळी लाकडाची वखार बंद, भुसा मिळेना. दुसरा कोणी थांबला असता. काकांनी मिरची वाळवायच्या पथारीवरून देठांची पोती उचलून आणली. "देठ बी लाकूडच शे ना!" मिरची बाजाराच्या धुळीत शिंकत मोठा झालेला माणूस हे बोलतो!

कमान दिसायला छान होती, हे मान्य. काचेसारखी, आत लालसर देठ. पण ऊन चढलं तशी ती ठिबकू लागली. पहिला थेंब व्याह्यांच्या कपाळावर पडला. त्यांनी तो हाताने पुसला, तोच हात डोळ्यांवरून फिरवला आणि जागच्या जागी नाचायला लागले. मागून त्यांची बहीण, तिच्यामागे पुरोहित. पोरांनी तर कमान चाटली. अर्धं वऱ्हाड पाण्याच्या टँकरपाशी, अंगठ्या ताटात तशाच.

काका एकटे कमानीखाली उभे. डोळे लाल, नाक वाहतंय. "पडनी का? सांग माय, पडनी का?"

नाही पडली. दुसऱ्या दिवशी पहार लावून पाडावी लागली. लग्न झालं, व्याही अजूनही आमच्याकडे बर्फ घातलेलं सरबत घेत नाहीत.

काका गेले तेव्हा त्यांचा मुलगा सुरतेहून येईपर्यंत त्यांना त्यांच्याच लाद्यांवर ठेवलं. साध्या लाद्या. मुलगा पोचेपर्यंत त्यांचं पाणी झालं होतं.

आज दुपारपर्यंत डबे भंगारात गेले, हौद उपसला, हातगाडीही दिली. उरला कोपऱ्यातला डीप फ्रीजर. काकूंनी झाकण उघडलं. आत गोणपाटात गुंडाळलेली भुशाची एक लादी. मी बोटाने ठोकून पाहिली. दगड.

"ताई, हाई पेटी बी लई जाऊ?" भंगारवाल्याने विचारलं.

काकू झाकण लावून त्यावर बसल्या.

एका लादीपायी वीज जाळणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. भंगारवाल्याला रिक्षापर्यंत पोचवलं, काकूंना बाहेर आणून फाटकाला कुलूप लावलं. आतून फ्रीजरची घरघर ऐकू येत होती.

मीटर बंद करणे: बाकी.